रजेचे कारण

आमच्या कार्यालयात रजेच्या अर्जावर एक रकाना असतो : ‘रजेचे कारण’. तेवीस वर्षांच्या नोकरीत आम्ही त्या रकान्यात तीनच गोष्टी लिहिल्या. ‘घरगुती काम’, ‘आजारपण’ आणि ‘नातलगाचे निधन’. उरलेली रजा साठत गेली. मागच्या वर्षी आस्थापना शाखेतल्या बाईंनी सांगितले, “तुमची अर्जित रजा तीनशे दिवसांना टेकली. आता पुढची वाया जाणार.” ऐकून आम्हाला वाईट वाटायला हवे होते. खरे सांगायचे तर थोडा अभिमानच वाटला. पासबुकात रक्कम साठल्यावर वाटतो तसा.

हे आम्ही सहज फोनवर भाचीला सांगितले. भाची सिडनीत नर्स आहे. तिच्या नर्सिंगच्या फीसाठी आम्ही पतपेढीचे कर्ज काढले होते. ती गोष्ट आम्ही विसरलो, ती विसरली नाही. ती म्हणाली, “मामा, रजा वाया घालवण्यापेक्षा मामीला घेऊन इकडे या. तिकिटं मी काढते. नोव्हेंबरात आम्हीपण सुट्टी घेतो. कॅरॅव्हॅन घेऊन समुद्रावर जाऊ.”

“तिथं बघायला काय आहे?” आम्ही विचारले.

“काही नाही मामा. नुसतं बसायचं.”

नुसते बसायचे! वाचकहो, आमचा रविवार तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग, दुपारी कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा जातपडताळणीचा अर्ज, संध्याकाळी बैठक. नुसते बसणे म्हणजे आळस, आणि आळस म्हणजे समाजद्रोह, अशी आमची समजूत. तरीही पत्नीच्या आग्रहाखातर अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘भाचीची भेट’.

कॅरॅव्हॅन म्हणजे काय, ते आधी सांगतो. मोटारीच्या मागे हुकाला जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आमची भाड्याची होती, अठरा फूट लांब. आत एक पलंग, मुलांसाठी एकावर एक दोन बाक, टेबल खाली केले की आणखी एक बिछाना, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज आणि कोपऱ्यात कपाटाएवढे न्हाणीघर व संडास. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसे वाढलो. पत्नीने दार उघडून आत पाहिले आणि म्हणाली, “आपल्या जुन्या खोलीपेक्षा ही बरी की. हिला संडास आहे.”

धावत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसाने बसायचे नाही, असा तिथला कायदा आहे. म्हणून भाची, जावई, चार वर्षांची नात आणि आम्ही उभयता असे पाचजण पुढच्या मोटारीत बसलो. सिडनीहून उत्तरेकडे पॅसिफिक महामार्गाने सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर जायचे होते. मागे एवढे ओझे असल्यामुळे जावई सावकाश चालवत होते. रस्त्याच्या कडेला जागोजाग पाट्या लागत होत्या. त्यांचा अर्थ एकच, दर दोन तासांनी थांबा, विसावा घ्या, थकलेला चालक जीव घेतो. झाडाखाली बाक, पाण्याचा नळ, स्वच्छ संडास. सरकार रस्त्यावर उभे राहून माणसाला ‘दमला असशील, बस’ म्हणते, हे आम्ही प्रथमच पाहिले.

गावाचे नाव क्रेसंट हेड. क्रेसंट म्हणजे चंद्रकोर, आणि किनारा खरोखरच कोरीसारखा वळलेला. वस्ती दोन हजारांच्या आत. थोडीशी दुकाने, एक बेकरी, एक खाडी, तिच्यावर पायी जायचा पूल, आणि समुद्रात घुसलेले हिरवे भूशिर. त्या टोकावरून लाटा अशा काही लांब वळत येतात की फळीवर उभे राहून त्यांच्यावर घसरत जाणारे लोक लांबून तिथे येतात. खाडी आणि समुद्र यांच्या कुशीत कॅरॅव्हॅन उभ्या करायचे मैदान आहे. एका रात्रीचे भाडे साठ डॉलरच्या आसपास. तीन हजार रुपयांच्या वर! आम्ही कारकून माणूस, मनातल्या मनात चार रात्रींचा गुणाकार केला आणि गप्प बसलो.

कॅरॅव्हॅन मागे घेऊन जागेवर लावणे हे महाकठीण काम. चाक एकीकडे फिरवावे तर खोली भलतीकडे जाते. जावयांनी चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा ती शेजारच्या झुडपात जाऊ लागली. तेव्हा शेजारच्या कॅरॅव्हॅनमधून सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आले. हातवारे करीत त्यांनी दोन मिनिटांत ती जागेवर आणून लावली. मग चाकांना ठोकळे, विजेची वायर, पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी, पुढे कनात. आजोबांनी आमचे पहिले नाव विचारले, कुठून आलात ते विचारले. आडनाव विचारले नाही. तिथे त्याला काही अर्थ नाही हे आम्हाला माहीत आहे. तरी कान त्या प्रश्नाची वाट पाहत होते, हेही खरे.

त्या रात्री पत्नीने लसणाची फोडणी दिली आणि छतावरची धुराची घंटा अशी कोकलू लागली की आजूबाजूच्या लोकांनी दारे उघडली. नात टाळ्या पिटू लागली. जावई टॉवेल हलवून धूर घालवत होते. दुसऱ्या दिवसापासून शेगडी बाहेर कनातीखाली आली. हॅरिस पार्कच्या दुकानातून आणलेले सुके बोंबील तिथेच भाजले. वास सगळ्या मैदानात गेला असणार, पण कुणी नाक मुरडले नाही. एक बाई तर विचारायला आल्या, हे कसे करतात म्हणून.

पहाटे कुकाबरा पक्ष्यांनी जागे केले. त्यांचे ओरडणे म्हणजे चाळीच्या जिन्यात चार टवाळ पोरे एकदम हसावीत तसे. आम्ही चहा घेऊन बाहेर बसलो होतो. तेवढ्यात जावयांनी कॅरॅव्हॅनच्या बाहेरच्या अंगाला असलेले छोटे दार उघडले आणि आतून चाके लावलेली एक पेटी ओढून काढली. संडासातला मैला त्या पेटीत साठतो. आत निळसर औषध घातलेले असते. पेटी भरली की मैदानाच्या कोपऱ्यात नेऊन ठरलेल्या ठिकाणी ओतायची, नळाखाली धुवायची आणि परत बसवायची.

आमच्या हातातला कप तसाच राहिला.

आमचे वडील महापालिकेत सफाई कामगार होते. एकतीस वर्षे. पहाटे हजेरी, मग झाडू, पाटी, गटार. घरी आले की मोरीत बसून अंग घासघासून धुवायचे आणि मगच आम्हा भावंडांना जवळ घ्यायचे. एका गल्लीत त्यांना एका घरून चहा मिळायचा, खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेल्या निराळ्या कपातून. आम्ही सहासात वर्षांचे असताना खेळता खेळता त्यांचा झाडू हातात घेतला. त्यांनी आयुष्यात एकदाच आमच्या थोबाडीत मारली, ती तेव्हा. म्हणाले, “हे तुझ्या हातात दिसता कामा नये.” ते निवृत्त झाले तेव्हा वारसाहक्काने ती नोकरी घरात ठेवता आली असती. त्यांनी अर्जच केला नाही. आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा त्यांनी आख्ख्या चाळीत पेढे वाटले.

आणि आता त्यांच्या नातजावयाच्या हातात ही पेटी! आम्ही “मी जरा फिरून येतो” म्हणालो आणि तोंड फिरवून समुद्राकडे निघालो. वाटेत पाहिले तर त्या कोपऱ्याकडे रांगच लागली होती. आमचे शेजारी आजोबा, एक निवृत्त शिक्षक, अंगावर उंची जाकीट घातलेले एक गृहस्थ. प्रत्येकाच्या हातात आपापली पेटी. एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ करीत, हवापाण्याच्या गप्पा मारीत उभे होते. कुणी लाजत नव्हते. कुणी कुणाला हुकूम करीत नव्हते.

दिवसभर आम्ही किनाऱ्यावर होतो. पाण्याशी लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या मधेच पोहायचे. ते रोवणारे जीवरक्षक बहुतेक स्वयंसेवक असतात. नात वाळूत स्तूप करीत होती. पत्नी साडी घोट्यावर धरून लाटेत उभी राहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला अशी काहीही न करता उभी राहिलेली आम्ही प्रथमच पाहिली. दुपारी भूशिरावर चढलो, तर लांब समुद्रात पाण्याचा फवारा उडाला, मग काळी पाठ. पिलांना घेऊन दक्षिणेच्या थंड समुद्राकडे परतणारे देवमासे. सगळे कसे छान होते. पण आमच्या डोळ्यांपुढून ती पेटी जात नव्हती.

संध्याकाळी खाडीवर आजोबा गळ टाकून बसले होते. सगळा जन्म नळ दुरुस्तीचे काम केलेला माणूस. त्यांना एक फ्लॅटहेड मासा लागला. त्यांनी तो पट्टीवर ठेवून मोजला आणि पाण्यात परत सोडला. छत्तीस सेंटीमीटरच्या आतला घ्यायचा नाही असा नियम. पत्नी हळूच म्हणाली, “दोन बोटांसाठी सोडला!” जावयांनी ते भाषांतर करून सांगितल्यावर ते खूप हसले.

मग बोलता बोलता ते म्हणाले, आपले लहानपण इथून वीसेक किलोमीटरवरच्या केम्पसीत गेले. आम्ही विचारले, “म्हणजे १९६५ साली तुम्ही तिथेच होता?” त्यांनी आमच्याकडे जरा चमकून पाहिले.

त्या वर्षीची हकिगत आम्ही वाचलेली होती. १९६५ च्या फेब्रुवारीत सिडनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एक बस काढली. त्यांचा पुढारी चार्ल्स पर्किन्स हा स्वतः मूळनिवासी. अमेरिकेतल्या काळ्यांनी १९६१ साली काढलेल्या यात्रेवरून त्यांनी आपल्या बसला नाव दिले, फ्रीडम राइड. न्यू साउथ वेल्सच्या गावोगावी जाऊन मूळनिवासींना कुठे कुठे मज्जाव आहे ते त्यांनी जगापुढे आणले. मोरी गावात पोहण्याच्या तलावावर त्यांना गोऱ्यांचा जमाव आडवा आला. बोराव्हिल गावात सिनेमागृहातही वेगळे बसावे लागे. केम्पसीच्या तलावातही मूळनिवासी मुलांना प्रवेश नव्हता. दोन वर्षांनी, १९६७ च्या सार्वमतात, देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी मूळनिवासींना जनगणनेत मोजण्याच्या बाजूने कौल दिला. त्याआधी आपल्याच देशात त्यांची गणती होत नव्हती.

आजोबा बराच वेळ गळाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मी बारा वर्षांचा होतो. आम्ही आत पाण्यात असायचो. ती मुलं तारेच्या कुंपणाबाहेर. उन्हाळा तर सगळ्यांनाच होता. का, म्हणून मी कधी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.”

आम्ही त्यांना महाडची गोष्ट सांगितली. १९२७ साली आमच्या लोकांना तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, असे सांगितले. त्यांना आधी समजेचना. “पोहायला नव्हे? प्यायला?” त्यांनी दोनदा विचारले. मग त्यांनी गळ गुंडाळला आणि आपल्या थर्मासमधला चहा एका कपात ओतून आमच्या हाती दिला. त्यांच्याकडे कप एकच होता. उरलेला चहा ते त्याच कपातून प्यायले.

त्या रात्री झोप लागली नाही. कनातीबाहेर समुद्राचा आवाज, आणि मनात वडील. त्यांनी आम्हाला मारले ते कशासाठी? काम घाण म्हणून? की ते काम जन्माने आपल्याच गळ्यात बांधले गेले म्हणून? घाण कुणाच्या घरात होत नाही? माणूस आपली स्वतःची घाण स्वतः उचलतो, तेव्हा ते नुसते एक काम असते, दात घासण्यासारखे. साऱ्या गावाची घाण पिढ्यान्‌पिढ्या एकाच माणसाच्या डोक्यावर दिली जाते, तेव्हा ती गुलामगिरी होते. आपल्याकडे १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, हाताने मैला उचलायला लावणे हा गुन्हा ठरला. तरी गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या यायच्या त्या येतातच. कायदा कागदावर बदलला. पेटी कुणी उचलायची हे मनातून बदलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जावयांच्या आधी उठलो. छोटे दार उघडले. पेटी ओढली. जावई धावत आले. “मामा, राहू द्या, तुम्ही पाहुणे.” आम्ही म्हणालो, “पेटीत पाहुण्यांचंही आहे.”

हात थरथरले, हे लपवत नाही. वडिलांची थोबाडीत आठवली. पण रांगेत उभे राहिलो, ओतले, धुतले, परत आणून बसवले. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. मग सार्वजनिक न्हाणीघरात गरम पाण्याने आंघोळ केली. तिथे साफसफाई करणाऱ्या बाई रबरी हातमोजे, बूट आणि गणवेशात होत्या. दहा वाजता त्यांनी काम थांबवले आणि आमच्या शेजारच्या बाकावर येऊन आपला चहा घेतला. त्यांच्या कपाला निराळी जागा नव्हती. तिथे सगळे गोड आहे असे नाही. हंगामी कामगाराला तिथेही पगारी रजा मिळत नाही, त्याबदली तासाचा दर थोडा जास्त मिळतो. पण कायम कामगाराला वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि तो ती घेतो. आमच्या आजूबाजूला होते ते कुणी ट्रक चालवलेले, कुणी शाळेत शिकवलेले. राजेरजवाडे कुणी नव्हते.

ही रजा त्यांनाही कुणी आयती दिली नाही. १८५६ साली मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवून आठ तासांचा दिवस मिळवला. न्यू साउथ वेल्समध्ये १९४४ च्या कायद्याने सर्व कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. आणि आपल्याकडे? १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना पगारी रजा मिळाली. ते विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते त्या वेळचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. आम्ही बाबासाहेबांची भाषणे वर्गात शिकवतो. शिक्षण घ्या, संघर्ष करा, हे सांगतो. पण त्यांनी आपल्यासाठी विश्रांतीही मागितली होती, हे आम्ही कधी कुणाला सांगितले नाही. स्वतःलाही नाही.

वडिलांना रजा नव्हती असे नाही. होती. ते म्हणायचे, “कचऱ्याला सुट्टी नसते.” सहा डिसेंबरला तर दादरला त्यांची हमखास ड्यूटी लागायची. लाखो लोक चैत्यभूमीला वंदन करून जात, आणि आमचे वडील मागे राहून रस्ता झाडत. निवृत्तीच्या वेळी त्यांची बरीच रजा शिल्लक होती. तिचे पैसे मिळाले आणि त्यातून आमच्या बहिणीचे लग्न झाले. त्याच बहिणीची ही मुलगी, जिने आम्हाला समुद्रावर आणून बसवले. म्हणजे हिशेब केला तर आम्ही जी सुट्टी भोगत होतो, ती वडिलांची होती. त्यांनी न घेतलेली.

उरलेले दोन दिवस आम्ही खरोखरच नुसते बसलो. कनातीखाली खुर्ची टाकून खाडीची भरती पाहिली, ओहोटी पाहिली. पेलिकन पक्षी मासे साफ करायच्या ओट्यापाशी भिक्खूंसारखे शांत उभे असायचे. नातीने आम्हाला दोनदा वाळूत पुरले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही सगळी भूमी धंगट्टी लोकांची. १९९२ साली माबो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मूळनिवासींचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर असा हक्क पहिल्यांदा मान्य झाला, तो १९९७ साली, याच क्रेसंट हेडमधल्या जमिनीवर, धंगट्टी लोकांचा. त्या जमिनीबद्दल सरकारने त्यांना भरपाई देण्याचे कबूल केले. गेलेली सगळी जमीन काही परत आली नाही. पण ‘ही तुमची होती’ हे कागदावर आले. चार दिवस ज्या गावात आपण पाय पसरून बसलो, त्याच्यामागे एवढी झुंज होती. आम्ही उठून उगाचच पायातली चप्पल काढली आणि त्या वाळूवर अनवाणी उभे राहिलो.

परतताना जावयांना सांगून गाडी केम्पसीवरून घेतली. गावातल्या पोहण्याच्या तलावाच्या कुंपणाशी पाच मिनिटे थांबलो. आत मुले पोहायला शिकत होती. गोरी, सावळी, काळी. पाणी सगळ्यांच्या अंगावर सारखेच उडत होते. कुंपणाबाहेर आम्हीच काय ते उभे होतो.

घरी आलो, कामाला लागलो. रविवारचा वर्ग चालू आहे. मात्र एक बदल झाला आहे. आमच्या घरी संडास-मोरी आता आम्ही धुतो, पत्नी नव्हे. विहाराचेही वाटून घेतले आहे, त्यात अध्यक्षांचीही पाळी येते. आणि वर्गातल्या मुलांना आम्ही विचारतो, तुमचे आईवडील शेवटचे नुसते कधी बसले होते? बहुतेकांना उत्तर सुचत नाही. ऑस्ट्रेलिया सगळ्यांच्या नशिबी नाही, आमच्याही नव्हते. पण एसटी आहे, आपला कोकणचा समुद्र आहे, डबा बांधून नेता येतो. साठलेली रजा मागून घ्या. ती साहेबांची मेहेरबानी नव्हे.

मेमध्ये आईला हरिहरेश्वरला न्यायचे ठरवले आहे. तिने ऐंशी वर्षांत समुद्र पाहिला तो दादरचाच, तोही सहा डिसेंबरच्या गर्दीत. अर्ज लिहायला बसलो. कारणाच्या रकान्यापाशी हात सवयीने ‘घरगुती’ लिहू लागला. ते खोडले. वर स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘विश्रांती’.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले, आणि सही केली.